कासेआधी कंबर चाचपा: मेंढीचं दूध आणि तिचं पुन्हा गाभण राहणं

मेंढ्या पाळणाऱ्यांच्या दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक, "मेंढीला दूध नाही, कोकरू दिवसभर बें-बें करतं." दुसरी, "व्यायला चार महिने झाले, अजून माजावर येत नाही." पहिल्या तक्रारीचं उत्तर लोक कासेत शोधतात, दुसरीचं एडक्यात. मला विचाराल तर दोन्ही वेळा हात आधी कमरेवर जायला हवा. मेंढीच्या पाठीवर मांस-चरबीची जी पुंजी असते, तिच्यातूनच दूधही निघतं आणि पुढची गाभणही. पुंजी संपली की शरीर आधी पुढची गाभण थांबवतं, मग दूध.

हा लेख दख्खनी, माडग्याळ किंवा फलटणच्या नारी सुवर्णा जातीच्या मेंढ्या सांभाळणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे मेंढीचं दूध डेअरीला जात नाही. वाड्यावरचा, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावरचा, चहा आणि कोकरं, एवढाच त्याचा खप. तरी दुधाची मेंढी म्हणजे काय हे समजून घेतल्याशिवाय जुळ्यांचं गणित सुटत नाही.

आत काय चालतं

कासेतला दूध तयार करणारा भाग बहुतांशी विण्याआधीच तयार होतो, तोही गाभणपणाच्या उत्तरार्धात. त्याला चालना देणारं एक संप्रेरक वारेतून येतं. पोटात दोन कोकरं असली की वारेचा पसारा मोठा आणि संप्रेरकही जास्त, म्हणून जुळी होणारी मेंढी मुळातच मोठी कास घेऊन विते. वर दोन तोंडं कास वारंवार रिकामी करतात. या दोन कारणांनी जुळ्यांच्या आईला एकट्याच्या आईपेक्षा ढोबळमानाने ३० ते ४० टक्के जास्त दूध येतं.

ऐकायला छान वाटतं, पण वाटणी करून बघा. तोंडं दुप्पट झाली आणि दूध दीडपटही नाही. प्रत्येक जुळ्याच्या वाट्याला एकट्या कोकराच्या सुमारे दोन तृतीयांश दूध येतं. मेंढीची उपासमार झाली असेल तर तेवढंही नाही. जुळी हवीत म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

आता उलट बाजू. व्यायल्यावर गर्भाशय पूर्ववत व्हायला महिनाभर तरी लागतो. कोकरू सारखं लुचत असतं तोवर मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारे दबलेले राहतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिगेला पोचतं, पण मेंढीची खाण्याची ताकद त्यामानाने हळू वाढते. मधली तूट ती पाठीवरून भरून काढते. ही तूट जितकी खोल, तितका माज लांबतो, आणि माज आला तरी अंडी कमी सुटतात.

म्हणजे या विताचं दूध ठरतं गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत, आणि पुढची गाभण ठरते दुधाच्या पहिल्या सहा आठवड्यांत. खुराकाचे पैसे थोडे असतील तर ते याच बारा आठवड्यांवर आणि एडका सोडण्याआधीच्या पंधरवड्यावर खर्च करा.

ज्यांनी मेंढीला दुभती केलं त्यांच्याकडे काय होतं

दक्षिण फ्रान्समध्ये रोकफोर चीज लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या दुधापासून बनतं. त्या नावाला १९२५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. तिथे कोकरं साधारण महिनाभर आईखाली ठेवून तोडतात आणि मग उन्हाळ्यापर्यंत दूध काढतात. दूध आटत आलेलं असतानाच मेंढ्यांना पुन्हा रेतन करतात, म्हणजे विणं हिवाळ्याच्या तोंडाशी येतं. संप्रेरकाचे स्पंज दोन आठवडे योनिमार्गात ठेवून सगळ्यांचा माज एका दिवशी आणतात आणि स्पंज काढल्यावर सुमारे ५५ तासांनी ताज्या वीर्याने रेतन करतात. निवड सुरुवातीला फक्त लिटरवर होती. नंतर स्निग्धांश, प्रथिनं, कासेचा आकार आणि कासदाहाला तोंड देण्याची ताकद हेही मोजू लागले.

इस्रायलमध्ये वेगळी वाट निघाली. आवासी ही तिथली शेपटीत चरबी साठवणारी मेंढी. निवड करून करून तिचं दूध एका विताला ५०० लिटरवर गेलं. १९५५ पासून व्होल्कानी संस्थेत तिचा जर्मनीच्या ईस्ट फ्रीजियनशी संकर करून असाफ जात घडवली: दूध भरपूर आणि जुळ्यांचं प्रमाणही बरं. याच आवासीचं रक्त फलटणपर्यंत आलं आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी सुवर्णा घडवली तेव्हा सुंदरबनच्या गारोळे मेंढीतून जास्त कोकरं देणारं 'फेक-बी' जनुक घेतलं, अंग लोणंदच्या दख्खनी आणि कर्नाटकच्या बन्नूर मेंढीचं घेतलं आणि दुधासाठी आवासी मिसळली. जुळी वाढवायची तर दूधही वाढवावं लागेल, हे त्या निवडीतच मान्य केलेलं आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. युरोपातली मेंढी दिवस लहान होऊ लागले की माजावर येते. रोकफोरच्या बाजूला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सहा तासांहून जास्त फरक असतो. फलटणला तो दोनेक तासांचा. म्हणून आपली मेंढी सूर्यापेक्षा गवताकडे बघून माजावर येते. जूनमध्ये रान हिरवं झालं की पंधरा-वीस दिवसांत कळपात गडबड सुरू होते, ती यामुळेच.

पहिली पायरी: कमरेवर हात

शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्यावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवा. नजरेवर जाऊ नका, लोकर भल्याभल्यांना फसवते. बोटांना चार गोष्टी लागल्या पाहिजेत: कण्याचे उभे टोक, आडव्या हाडांची टोकं, त्या दोहोंमधला मांसाचा भरणा आणि वरचा चरबीचा थर.

टोकं करवतीसारखी टोचली आणि आडव्या हाडांखाली बोटं सहज गेली तर एक गुण. टोकं जाणवतात पण बोथट आहेत, मांस आहे पण चरबी नावाला, तर दोन. कणा हलका दाब दिल्यावरच कळतो, मांस भरलेलं आहे आणि आडव्या हाडांचं टोक जोर लावल्यावर लागतं, तर तीन. चार-पाच गुणांची मेंढी चरायला फिरणाऱ्या कळपात क्वचितच भेटते. भेटली तर ती बहुधा दोन हंगाम रिकामी राहिलेली असते.

एडका सोडताना तीन गुण हवेत, विताना अडीच ते तीन. दूध शिगेला असताना दोनपर्यंत घसरली तर चालेल, त्याखाली जाऊ देऊ नका. पस्तीस किलोच्या मेंढीत एक गुण म्हणजे साडेचार किलोच्या आसपास वजन, आणि तो परत चढायला चांगल्या चाऱ्यावरही सहा ते आठ आठवडे जातात. म्हणून पहिली चाचपणी एडका सोडायच्या दोन महिने आधी करा. दोन गुणांच्या आणि त्याखालच्या मेंढ्यांच्या कपाळावर रंगाचा ठिपका द्या आणि त्यांना वेगळा खुराक सुरू करा. ठिपका दिलेल्या मेंढ्यांत मागच्या वितातल्या सर्वांत दुधाळ मेंढ्या जास्त निघतील. त्यांना 'रोडकी' म्हणून बाजार दाखवणं ही आपल्याकडची मोठी चूक आहे. कळपातलं दूध आपण असंच विकून टाकतो.

दुसरी पायरी: एडका

एडका सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम भरडा द्या. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, तूरचुनी, थोडी शेंगदाणा पेंड, घरात असेल ते. एकदम ओतू नका. ५० ग्रॅमपासून आठवडाभरात वाढवत न्या, नाहीतर पोट आंबतं. मध्यम अंगाच्या मेंढीवर या खुराकाचा परिणाम सर्वांत चांगला दिसतो, अंडी जास्त सुटतात. हाडांचा सापळा झालेल्या मेंढीवर पंधरा दिवसांचा भरडा म्हणजे वळवाचा पाऊस, वर ओल आणि खाली कोरडं.

एडक्याची तयारी याहून आधी लागते, कारण वीर्य तयार व्हायला सात आठवडे जातात. ऐन उन्हाळ्यात तापलेल्या एडक्याचं वीर्य जूनमध्ये कच्चंच असतं. मेमध्ये त्याला सावली, पाणी आणि मूठभर जास्त खुराक द्या. अंडकोश हाताळून बघा: दोन्ही सारखे, घट्ट, गाठ नसलेले. ३० ते ४० मेंढ्यांना एक एडका पुरतो. महिनाभर त्याला कळपापासून दूर, वासही येणार नाही असा ठेवला आणि मग एकदम सोडला, तर आळसावलेल्या मेंढ्याही लवकर माजावर येतात.

मेंढीच्या माजाचं चक्र १७ दिवसांचं, आणि माज टिकतो दीड दिवसाच्या आत-बाहेर. म्हणून एडक्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा. मेंढीच्या पुठ्ठ्यावर रंग उमटला की ती तारीख वहीत लिहा. १७ दिवसांनी रंग बदला, गेरूऐवजी निळ घ्या. निळी उमटली म्हणजे पहिली खेप वाया गेली. कळपात बहुतेक सगळ्या निळ्या झाल्या तर दोष एडक्याचा; ठरावीक मेंढ्याच निळ्या होत असतील तर त्यांच्या कमरेवर पुन्हा हात ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी गेरूचा हात फिरवायचा, एवढंच कष्टाचं काम. दहा रुपयांच्या गेरूत एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तिसरी पायरी: शेवटचे सहा आठवडे

गाभणपण सुमारे १५० दिवसांचं. पहिल्या साडेतीन महिन्यांत मेंढीला बऱ्या चराईपलीकडे फारसं लागत नाही. फक्त पहिला महिनाभर तिला धावपळ, कुत्र्यांचा पाठलाग आणि औषधात बुडवून काढणं यांपासून जपा. कोकराचं सुमारे ७० टक्के वजन मात्र शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं, कासही तेव्हाच भरते, आणि वाढत्या गर्भाशयामुळे पोटात चाऱ्याला जागा मात्र कमी उरते.

इथे आपल्या पंचांगाची अडचण येते. जूनच्या मध्यात लागलेली मेंढी नोव्हेंबरच्या मध्यात विते. म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे वाडा घाट उतरायच्या तयारीत असतो, तेव्हाच पोटं शेवटच्या टप्प्यात असतात. चालण्यात ताकद जाते, चारा रोजचा बदलतो आणि नेमकी तेव्हा कास घडत असते. वाटेवर विणारी मेंढी दुधाला कमी पडते ती म्हणून. ज्यांना जमेल त्यांनी गेरूची तारीख बघून लवकर विणाऱ्या मेंढ्या मागे, गावाकडच्या माणसांजवळ ठेवाव्यात. वाड्याबरोबर न्यायच्याच असतील तर निदान संध्याकाळचा भरडा चुकवू नये.

खुराकाचं माप: एकच कोकरू असेल तर रोज २५० ते ३०० ग्रॅम, जुळी असतील तर ४०० पर्यंत, तेही दोन वेळा विभागून. जुळी आहेत हे ४५ ते ९० दिवसांत सोनोग्राफीने कळतं. ती सोय नसेल तर फेक-बीवाल्या प्रत्येक मेंढीला जुळीच आहेत असं धरून चाला. सोबत सुबाभूळ, शेवरी किंवा दशरथ घासाचा हिरवा पाला द्या. सरकी पेंड जेमतेम. आणि गायीसाठीचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका. त्यातलं तांबं गायीला पचतं, मेंढीच्या यकृतात साचून विष होतं. मेंढीसाठीचं वेगळं मिळतं ते घ्या.

विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लस टोचा. लस आईला, फायदा कोकराला, कारण त्याविरुद्धची ताकद चिकातून उतरते.

या काळात एखादी पोटुशी मेंढी कळपामागे रेंगाळू लागली, खुराक हुंगून सोडू लागली, भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, दिसत नसल्यासारखी अडखळू लागली, तर हा जुळ्यांच्या आईला होणारा गाभणपणातला रक्तविषार समजा. आतल्या कोकरांची साखरेची मागणी पुरवताना आईची चरबी एकदम वितळते आणि तिचंच विष होतं. तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल देतात, साधारण ६० मिली दिवसातून दोनदा, पण त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. गुळाचं पाणी पाजून वाट बघणं परवडत नाही. बसून गेलेली मेंढी क्वचितच उठते. हा रोग रोडक्या मेंढीला होतो तसाच चार गुणांच्या लठ्ठ मेंढीलाही, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

चौथी पायरी: चीक

व्यायल्यावर दोन तासांत कोकराच्या पोटात किलोमागे ५० मिली चीक गेला पाहिजे. अडीच किलोच्या कोकराला १२५ मिली, म्हणजे साधारण चहाचा कप. पहिल्या २४ तासांत एकूण अर्ध्या लिटरच्या आसपास. दोन्ही सडांतून एकेक धार काढून सडाच्या तोंडातली गुठळी मोकळी करा आणि मग कोकरू लावा. जुळ्यांतलं मागाहून आलेलं कोकरू बहुधा अशक्त असतं, त्याला आधी पाजा.

एकट्या कोकराच्या आईला चीक उरतो. तो खरवसासाठी घरात न नेता छोट्या बाटल्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली धरून वितळवा. उकळला तर त्याचा सगळा गुण गेला.

पाचवी पायरी: दूध मोजायचं ते कोकराला तोलून

मेंढीचं दूध पिळून मोजायची उठाठेव बहुतेकांना जमणार नाही, आणि गरजही नाही. पहिल्या महिन्यात कोकरू जवळजवळ दुधावरच असतं. ढोबळ हिशेब असा की पाच लिटरभर दुधामागे कोकराचं वजन एक किलो वाढतं. जन्मवजन लिहा, तिसाव्या दिवशी पुन्हा तोला. तीन किलोचं कोकरू साडेसात किलो झालं तर साडेचार किलो वाढ, म्हणजे बावीस-तेवीस लिटर दूध, म्हणजे रोजचं पाऊण लिटर. जुळी असतील तर दोघांची वाढ एकत्र धरा. कळपातली खरी दुधाळ मेंढी कोण हे या एका आकड्यावरून ठरवा. तिची मादी कोकरं विकायची नाहीत.

या दिवसांत एकट्याच्या आईला ३०० ग्रॅम, जुळ्यांच्या आईला ५०० ग्रॅमपर्यंत भरडा आणि पोटभर पाणी द्या. पाण्यावाचून दूध नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विसरलं जातं ते हेच. पंधराव्या दिवसापासून कोकरांना आईला शिरता येणार नाही अशा खोपीत कोवळा पाला आणि बारीक भरडा ठेवा. कोकरं जितकी लवकर चारा खाऊ लागतील तितका आईवरचा भार उतरेल, आणि तितका तिचा माज जवळ येईल.

थोडं दूध विकायचं किंवा घरी वापरायचं असेल तर कोकरं चार आठवड्यांची झाल्यावर रात्री वेगळी कोंडा, सकाळी दूध काढा आणि दिवसभर कोकरं आईजवळ सोडा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्पूनर केंद्रात या पद्धतीचा नीट अभ्यास झाला आहे. त्यात एक गंमत दिसली: अशा मेंढीच्या सकाळच्या दुधात स्निग्धांश कमी निघतो. कोकरासाठी ती साय राखून ठेवते, यंत्राला पान्हा पुरता सोडत नाही. मेंढीच्या दुधात एरवी सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. पातळ लागलं तर गवळ्यावर संशय घेण्याआधी हे आठवा. जुळ्यांच्या आईचं दूध मात्र या भानगडीत पडून काढू नका.

सहावी पायरी: कोकरू तोडणं आणि पुढचा एडका

दोन वर्षांत तीन वितं, हे सगळ्यांचं स्वप्न. म्हणजे आठ महिन्यांना एक वित: पाच महिने गाभण, आणि व्यायल्यापासून तीन महिन्यांत पुन्हा लागली पाहिजे. त्यासाठी साठाव्या दिवसाच्या सुमारास कोकरू तोडायचं, कास बसली की दोन-तीन आठवडे भरडा द्यायचा आणि एडका सोडायचा. एकट्या कोकराची, अडीच गुणांवर उभी असलेली मेंढी हे सहज करते. जुळी पाजून दीड गुणावर आलेल्या मेंढीकडून याची अपेक्षा करू नका. तिला वर्षाला एकच वित द्या. दोन जगलेली कोकरं वर्षाला, हा हिशेब घाईच्या तीन वितांपेक्षा फार वाईट नाही. कळपाचे असे दोन गट करणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

एडका निवडताना फेक-बीचा विचार करत असाल तर साध्या दख्खनी मेंढ्यांवर या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला एडका वापरा, म्हणजे प्रत्येक मादी कोकरात एक प्रत येईल. एका प्रतीवर बहुधा एक किंवा दोन कोकरं होतात, दख्खनी कास ती पेलते. जनुक असलेल्या मेंढीवर जनुक असलेला एडका सोडला की काही माद्यांत दोन प्रती जमतात, तिळी होऊ लागतात आणि तिसऱ्याला सड नसतो. आधी एक पिढी चारा आणि दूध सुधारा, मग जनुक आणा.

कोकरू तोडताना आईचा भरडा दोन दिवस आधीच बंद करा, कोरडा कडबा ठेवा, म्हणजे दूध लवकर आटेल. कास टम्म होऊन दुखू लागली तरच थोडी मोकळी करा, पूर्ण पिळू नका. चार-पाच दिवसांनी, कास बसल्यावर भरडा पुन्हा सुरू करा. पंधरा दिवसांनी, एडका सोडण्याआधी, प्रत्येक मेंढीची कास दोन्ही हातांनी चाचपा. मऊ असेल तर ठीक. एका बाजूला गाठ किंवा दगडासारखा कडक भाग लागला, तर तिथे दगडी, म्हणजे कासदाह, होऊन गेली आहे आणि ती बाजू पुढच्या विताला दूध देणार नाही. तिच्यावर एडका लागायच्या आतच तिला कळपातून काढा.